प्लग बदलले आणि गाडी हिसके द्यायला लागली

रविवारचा_मेकॅनिक (मंगळवार, रात्री ९:४२)

मंडळी, मदत हवी आहे. गाडी २०१४ ची, पेट्रोल, बाराशे सीसी, चार सिलिंडर, ७८,००० किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. दिलं की तिसऱ्या प्रतिसादात "ती गाडी घ्यायचीच नव्हती" सुरू होईल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

परवा रविवारी प्लग स्वतः बदलले. आयुष्यात पहिल्यांदा. तक्रार काही नव्हती, जुन्या प्लगवर ४०,००० झाले होते आणि एव्हरेज थोडं उतरलंय असं वाटत होतं, एवढंच. एअर फिल्टरचा डबा काढला, चारही कॉइल (प्लगवर बसून त्याला वीज देतात त्या) काढल्या, जुने प्लग बाहेर, नवे आत. व्हिडिओतल्या माणसाला वीस मिनिटं लागली, मला अडीच तास. बायको दोनदा येऊन "क्रेनवाल्याचा नंबर शोधून ठेवू का?" असं विचारून गेली.

पहिल्या फटक्यात सुरू झाली. उभी असताना आवाजही छान. पण रस्त्यावर काढल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३५-४० वर असताना पाय जरा जोरात दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग दोन-तीन हिसके आणि मग पळते. चांदणी चौकाच्या चढाला हे हमखास. हळूहळू रेस दिली तर होत नाही. चेक इंजिनचा दिवाही लागलेला नाही.

नवे प्लगच खराब निघाले असतील का? चारही परत करू?

---

चहा_खारी (रात्री ९:५०)

चालणारी वस्तू उघडू नये, असं आमचे वडील सांगायचे. ते रेडिओबद्दल सांगायचे, पण इथेही लागू पडतंय.

---

घाटात_सेकंड (रात्री १०:०५)

परत करायच्या आधी काही गोष्टी सांगा. प्लग कुठून घेतलेत, ऑनलाइन की ओळखीच्या दुकानातून? बनावट प्लगचा सुळसुळाट आहे, डबी हुबेहूब असते. गाडीच्या पुस्तकात दिलेलाच नंबर घेतलात का? आणि लावायच्या आधी गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, मोजलात का?

प्लगवरच्या आकड्यांत लोक गोंधळतात. एनजीकेमध्ये मधला आकडा जितका मोठा तितका प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा), बॉशमध्ये नेमकं उलटं. एका कंपनीचा ६ दुसऱ्या कंपनीच्या ६ च्या जागी लावला की संपलं.

---

पेट्रोल_की_ऊस (रात्री १०:११)

प्लगचा काही संबंध नाही. ई२० आहे हे, वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. २०१४ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. अजून दोन वर्षांनी उसाचा रसच भरायचाय, आलं-लिंबू मारून.

---

रविवारचा_मेकॅनिक (रात्री १०:२०)

@पेट्रोल_की_ऊस, अहो शनिवारी याच टाकीतल्या पेट्रोलवर लोणावळ्याला जाऊन आलोय, नीट चालली.

@घाटात_सेकंड, प्लग ओळखीच्या दुकानातून घेतलेत, पुस्तकातलाच नंबर. गॅप नाही मोजला. दुकानदार म्हणाला "सेट करूनच येतात".

---

संपादक_मंडळ (रात्री १०:२४)

इथेनॉलसाठी स्वतंत्र धागा आहे. त्याला ४०० प्रतिसाद झालेत, इथे दुसरा सुरू करू नये.

---

आप्पा_गॅरेजवाले (रात्री ११:०२)

भावा, कोल्हापुरात तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता पोरगं बघतंय. शनिवारी नीट होती, रविवारी तू हात लावलास, सोमवारी बिघडली. मग दोष पेट्रोलमध्ये नसतोय आणि पंपातबी नसतोय. तुझा हात जिथं जिथं लागला तिथंच असतोय. बॉनेट उघड आणि काढलेली एक एक वस्तू परत बघ.

पहिलं म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचा पाइप. त्याची क्लिप सरकते नाहीतर पाइप तोंडावर तिरका बसतो. डब्याला एक बारकी नळीबी असते, टॅपेट कव्हरकडनं, म्हंजे इंजिनावरच्या झाकणाकडनं येणारी. ती लावायची राहते, पोरं हमखास विसरतात. मग इंजिन चोरून हवा ओढतंय.

ते झालं की जुने प्लग परत लाव. टाकून दिले नसशील तर. जुन्यावर नीट चालली तर दोष नव्या प्लगात. जुन्यावरबी हिसके आले तर नव्या प्लगांची माफी माग.

---

सीएनजी_ची_रांग (रात्री ११:१५)

+१ आप्पा. गॅपबद्दल एक अनुभव. आमची सीएनजी आहे. गॅसवर ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आमचा मेकॅनिक १.१ मिलिमीटरचा गॅप ०.८ वर आणतो. त्याआधी ठाण्याच्या घोडबंदर रोडवर चढाला अगदी तुमच्यासारखेच हिसके यायचे, आणि पेट्रोलवर टाकली की गायब. तुमची शुद्ध पेट्रोल आहे, तेव्हा पुस्तकात असेल तोच गॅप ठेवा. कमी केला तर उभी असतानाच थरथरेल.

---

रविवारचा_मेकॅनिक (रात्री ११:२१)

जुने प्लग आहेत. त्याच डबीत, बाल्कनीत. बायको टाकायला निघाली होती.

---

पद्मिनी_ताई (बुधवार, सकाळी ७:३०)

काय दिवस आठवले! आमची पद्मिनी होती, १९८४ ची. प्लग काढणं हे तेव्हा काम नव्हतंच, पेट्रोल भरण्यासारखं होतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक प्लग पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि पॉइंट घासायला नखं घासायची कानस, तीही माझीच.

एकदा नाशिकला जाताना कसारा घाटाच्या पायथ्याशी ह्यांनी चारही प्लग काढून साफ केले आणि वायरी परत लावल्या. गाडी फट् फट् करत दोन हात पुढे जाई आणि थांबे. मागे ट्रकची रांग. शेवटी एक सरदारजी ड्रायव्हर उतरला, न बोलता तीन वायरींची अदलाबदल केली आणि निघून गेला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्रम, एक-तीन-चार-दोन, आणि ह्यांनी लावली होती एक-दोन-तीन-चार. घरी येईपर्यंत हे गप्प होते, ती शांतता मला फार आवडली.

---

चहा_खारी (सकाळी ८:०२)

ताई, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली तेव्हा आमच्या ऑफिसात दोन जण खरोखर रडले होते. दोघांनीही कधी ती ढकलली नव्हती.

आमच्याकडे चेतक. प्लग ओला झाला की वडील स्कूटर आपल्याकडे तिरकी करायचे, पाच सेकंद धरायची आणि मग किक. तिरकी केल्याने नक्की काय व्हायचं हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही, पण सुरू व्हायची.

---

घाटात_सेकंड (सकाळी ८:४०)

अवांतर थांबवा, पेशंट टेबलावर आहे. (चेतकचा वेगळा धागा काढा, मी रुमाल टाकतो.)

@रविवारचा_मेकॅनिक, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घ्या. ७८,००० वर काजळी धरलेली असणारच. पाय दाबल्यावर क्षणभर काहीच न होणं हे त्याचंच लक्षण आहे. माझ्या गाडीत तेच निघालं होतं.

---

आप्पा_गॅरेजवाले (सकाळी ९:१०)

काजळी रविवारी दुपारी अडीच तासांत धरत नसती.

---

घाटात_सेकंड (सकाळी ९:१४)

आप्पा, योगायोग असू शकतो की.

---

आप्पा_गॅरेजवाले (सकाळी ९:३०)

असतोय की. तीस वर्षांत चार-पाचदा बघितलाय. पण योगायोग शेवटी शोधायचा, आधी न्हाई.

---

लेक_मिशिगन (सकाळी ९:५५)

इकडे अमेरिकेत ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड नोंदवायची सोय) १९९६ पासून सक्तीचं आहे, भारतात एप्रिल २०१३ पासून. म्हणजे तुमच्या गाडीत मिसफायर (ठिणगी चुकणं) ओळखायची सोय असायलाच हवी. दिवा लागला नाही म्हणजे नोंद झाली नाही असं नसतं. चुकलेल्या ठिणग्या ठरावीक प्रमाणाच्या पुढे गेल्या, किंवा पुढच्या फेरीतही चुकल्या, तरच दिवा लागतो. तोवर कोड 'पेंडिंग' म्हणून आत बसून राहतो. ब्लूटूथचा डोंगल लावा, स्टिअरिंगखाली सॉकेट असतं. पी०३०० आला तर कुठलंही सिलिंडर, पी०३०१ ते पी०३०४ आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर नंबर.

आणि दिवा कधी *लुकलुकायला* लागला तर बाजूला घेऊन थांबा. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. त्याच्या किमतीत चांगली सेकंडहँड बाइक येते.

---

रविवारचा_मेकॅनिक (बुधवार, रात्री १०:३५)

अपडेट. ऑफिसातून आल्यावर पार्किंगमध्ये टॉर्च लावून बसलो.

आप्पा, एअर पाइपची क्लिप खरंच अर्धवट होती. पाइप तोंडावर बसलेला पण आवळलेला नव्हता. आनंदाने बसवली, चक्कर मारली. हिसके तसेच.

मग जुने प्लग लावले. हिसके तसेच!! म्हणजे नव्यांची माफी.

नव्या प्लगचे गॅप फीलर गेजने मोजले. तीन बरोबर १.१, एक ०.९. तो हातातून फरशीवर पडला होता, हे आधी लिहायला लाज वाटली. शिवाय चारही नव्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर, लोखंड सुरू होतं तिथे, तपकिरी कडं दिसतंय. तीन दिवसांत! तिथून गॅस लीक होतोय का?

---

आप्पा_गॅरेजवाले (रात्री १०:५०)

ते कडं काही नसतंय. तिथं करंटच्या भोवती तेलाचे बारीक कण चिकटतात, त्याचा डाग आहे. चांगल्या प्लगलाबी पडतो. नव्या पोरांना ते दाखवून प्लग बदलायला लावणारे लै आहेत.

आडवं कडं विसर. उभी रेघ आहे का बघ. वरनं खाली, पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी.

पडलेला प्लग मात्र लावू नको. गॅप वाकवून नीट होईल, पण आत चिनीमातीला तडा गेला असंल तर बाहेरनं दिसत न्हाई.

---

तीन_नंबर_पाना (रात्री ११:०५)

पुन्हा लावताना प्लगच्या आट्यांना ग्रीस लावत जा, पुढच्या वेळी अलगद निघतात. मी गेली दहा वर्षं लावतोय.

---

लेक_मिशिगन (रात्री ११:२०)

नका लावू. प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं, तेवढ्याच जोरात पाना फिरवला तरी प्लग जास्त आवळला जातो, आणि प्लग बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं आहे. वायसरवाला नवा प्लग आधी हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने अर्धा फेरा. तेही इंजिन गार असताना.

---

तीन_नंबर_पाना (रात्री ११:२४)

दहा वर्षांत माझे आटे गेलेले नाहीत.

---

चहा_खारी (रात्री ११:२५)

गाडीचे म्हणताय ना?

---

रविवारचा_मेकॅनिक (गुरुवार, सकाळी ६:५०)

रेघ आहे. दोन नंबरच्या नव्या प्लगवर. केसाएवढी बारीक, काळी, वरपासून लोखंडापर्यंत. नखाने खरवडली, निघत नाही. बाकी तिन्ही स्वच्छ. आणि पडलेला प्लग हा नव्हे, तो तीन नंबरला होता.

काल रात्री शेजाऱ्याचा डोंगल लावून पाहिला. पेंडिंग कोड पी०३०२.

---

ओमचा_नियम (सकाळी ८:१५)

इतका वेळ नुसता वाचत होतो, आता राहवेना. पोटापाण्यासाठी इलेक्ट्रिकल शिकवतो.

उभी असताना छान आणि चढाला हिसके, याचं उत्तर या रेघेत आहे. ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल ते गॅपवर आणि त्या जागेतल्या हवेच्या दाबावर ठरतं. १८८९ सालचा पाशेनचा नियम आहे हा. उभ्या गाडीत थ्रॉटल जवळपास मिटलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा कमी, दाब कमी, ठिणगी आरामात पडते. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला पाय दाबलात की सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो, आणि कॉइलला कितीतरी जास्त व्होल्टेज चढवावं लागतं. वीज आळशी असते. प्लगच्या टोकाला उडी मारण्यापेक्षा बाजूने हेडपर्यंत सोपी वाट मिळाली तर ती तिकडून जाते. ती वाट म्हणजे तुमची रेघ.

पण ही वाट चिनीमातीवर आपोआप उमटत नाही. तिच्यावर रबरी टोपी घट्ट बसलेली असते, कॉइलची. ती टोपी फाटलेली किंवा कडक होऊन चिरलेली असली की तिच्या आतून वीज सरकते. जुन्या प्लगवरही हिसके आले ते म्हणूनच. प्लग बदललेत, टोपी तीच.

दोन नंबरची कॉइल काढून चार नंबरला लावा आणि चारची दोनला. कोड पुसून चक्कर मारा. पी०३०४ आला तर खात्री.

---

पद्मिनी_ताई (सकाळी ८:४०)

"वीज आळशी असते" हे मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर मी सायन्स सोडलं नसतं.

---

रविवारचा_मेकॅनिक (गुरुवार, रात्री ९:१५)

पी०३०४ आला.

आता नवी कॉइल मागवतो. दुकानदार २,६०० सांगतोय.

---

आप्पा_गॅरेजवाले (रात्री ९:२०)

थांब. पैसे खिशात ठेव. कॉइल काढ, टोपी उलटी करून आत टॉर्च मार. आणि खरं सांग, काढताना दोन नंबरची कॉइल अडकली होती का न्हाई?

---

रविवारचा_मेकॅनिक (रात्री १०:०५)

आप्पा, तुम्ही पार्किंगमध्ये होतात का त्या दिवशी?

हो, अडकली होती. बाकीच्या तीन ओढल्या तशा आल्या. ही येईना. आधी हाताने ओढली, मग बाजूने स्क्रू ड्रायव्हर घालून उचलली. फट् असा आवाज झाला आणि आली, मला वाटलं चिकटलेलं रबर सुटलं. आत्ता टोपी काढून पाहिली. खालच्या तोंडापासून वर सुमारे दीड सेंटिमीटर उभी चीर. बोटांनी पिळल्यावरच उघडते, नुसती बघून कळत नाही. आतल्या बाजूने चिरेच्या दोन्ही कडा पांढुरक्या, राखेसारख्या झाल्यात. आतली स्प्रिंग ठीक आहे.

---

आप्पा_गॅरेजवाले (रात्री १०:१२)

सापडलं. जुनं रबर प्लगला धरून बसतंय. सरळ ओढायचं नसतं. आधी कॉइल डावी-उजवी हलकी फिरवायची, रबर सुटलं की मग वर.

नुसती टोपी बऱ्याच गाड्यांना वेगळी मिळते, दोन-तीन दुकानं फिर. "कॉइल पूर्णच घ्यावी लागते" म्हणतील. पण रेघवाला प्लगबी बदल. तो ठेवलास तर नव्या टोपीला महिन्याभरात जाळतोय, जळलेली टोपी नव्या प्लगला जाळत्ये. टोपीच्या आत डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस थोडं, करंगळीच्या टोकावर येईल इतकंच.

---

तीन_नंबर_पाना (रात्री १०:१५)

म्हणजे ग्रीस लावायचंच! मी म्हणत होतो.

---

लेक_मिशिगन (रात्री १०:१९)

वेगळं ग्रीस, वेगळी जागा. झोपा.

---

काळी_पिवळी_निळी (शुक्रवार, दुपारी १:३०)

हा धागा वाचून माझ्या गाडीचे प्लग इरिडियमचे घ्यायचा विचार आहे. गॅप मीच सेट करू शकते का?

---

घाटात_सेकंड (दुपारी २:००)

मोजा, पण वाकवू नका. मधलं टोक काहींचं ०.६ मिलिमीटर असतं, काहींचं ०.४. गेज त्यावर टेकवून जोर दिला की तुटलं. आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळून प्लगच्या विहिरीत तेल उतरलंय का तेही बघा, तेल रबर खातं.

(थ्रॉटल बॉडीचं मी मागे घेतो. पण साफ करून घ्याच.)

---

रविवारचा_मेकॅनिक (रविवार, दुपारी १२:४०)

झालं. टोपी तिसऱ्या दुकानात मिळाली, २८० रुपये. दोन नवे प्लग, एक रेघवाल्याच्या जागी आणि एक फरशीवर पडलेल्याच्या. सकाळी गाडी गार असताना बसवलं, या वेळी पन्नास मिनिटांत. कोड पुसला. चांदणी चौकाचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चारदा चढलो, चौथ्यांदा बायकोला घेऊन. ती म्हणाली, "काहीच वेगळं वाटत नाहीये." मी म्हटलं, तेच तर.

चारही प्लग परत करायला निघालो होतो. त्या दुकानदाराकडे आता मान वर करून जाता येईल.

---

पद्मिनी_ताई (दुपारी १:०५)

अभिनंदन! आणि कबुली दिलीत हे विशेष. ह्यांनी वायरींचं अजून मान्य केलेलं नाही, चाळीस वर्षं होतील.

---

लेक_मिशिगन (दुपारी १:३०)

पण मूळ मुद्दा राहिलाच. प्लग बदलले कशासाठी होते? एव्हरेज वाढलं का?

---

रविवारचा_मेकॅनिक (पुढचा शनिवार, रात्री ८:५०)

टाकी ते टाकी मोजलं. आधी १४.८, आता १५.१.

---

चहा_खारी (रात्री ८:५२)

म्हणजे वडील बरोबर होते.